क्रायटेरियम सायकल शर्यतीतील संघनीती : वाऱ्याची वाटणी आणि श्रेयाची वाटणी

प्रास्ताविक

महाराष्ट्रात सायकल शर्यत म्हटली की मुंबई–पुणे मार्ग आणि त्यावरील बोरघाट यांचे चित्र प्रथम मनात उभे राहते. या शर्यतीत घाट सर्वांआधी चढून जाणाऱ्यास 'घाटाचा राजा' हा किताब देण्याची प्रथा आहे आणि प्रेक्षकांच्या स्मरणात हा राजा अनेकदा अंतिम विजेत्याइतकाच राहतो. अलीकडच्या काळात मराठी सायकलपटूंनी नाव मिळविले ते अतिदीर्घ अंतराच्या शर्यतींत. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार पाडली.

घाट आणि अतिदीर्घ अंतर या दोन्ही प्रकारांत एक समान गोष्ट आहे. सायकलपटूची शक्ती तेथे उघडपणे मोजली जाते. घाटात वेग इतका मंदावतो की दुसऱ्याच्या पाठीमागे राहून मिळणारा वाऱ्याचा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही. अमेरिकेच्या शर्यतीत तर असा आडोसा घेण्यास नियमानेच बंदी आहे. क्रायटेरियम हा शर्यतप्रकार याच्या नेमका उलट आहे. येथे आडोसा हेच चलन आहे. कोण किती वेळ वारा अंगावर घेतो आणि कोण तो चुकवतो, यावर निकाल ठरतो. त्यामुळे सर्वांत बलवान स्पर्धक विसाव्या क्रमांकावर येणे आणि तुलनेने साधारण स्पर्धकाने जिंकणे या प्रकारात नवलाचे नसते.

प्रस्तुत लेखात हंगामाच्या आरंभीच्या क्रायटेरियम शर्यतीत हौशी संघ कोणते डावपेच वापरतो, त्यांमागील भौतिक व सामाजिक कारणे कोणती, हे स्पष्ट करण्याचा हेतू आहे. विवेचन मूर्त व्हावे म्हणून पालघर जिल्ह्यातील बोईसरलगतचे सरावली व तारापूर औद्योगिक क्षेत्र हा परिसर डोळ्यांपुढे ठेवला आहे. तेथील शर्यतीचा जो तपशील पुढे येतो तो उदाहरणापुरता कल्पिलेला आहे.

शर्यतीचे स्वरूप

'क्रायटेरियम' हा शब्द फ्रेंच भाषेतून सायकलिंगमध्ये आला. कसोटी, निकष या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी त्याचे नाते आहे. लहान, वाहतुकीस बंद केलेल्या मार्गावर ठरावीक फेऱ्या मारणे हे त्याचे मूळ रूप होय. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांनुसार फेरीची लांबी ८०० मीटर ते १० किलोमीटर असू शकते. हौशी शर्यतींत ती बहुधा एक ते तीन किलोमीटर असते. युरोपात टूर द फ्रान्स संपल्यावर गावोगाव होणाऱ्या प्रदर्शनी शर्यतींमुळे हा प्रकार लोकप्रिय झाला. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील सॉमरव्हिल येथे १९४० पासून होत आलेली शर्यत या प्रकारातील जुन्या शर्यतींपैकी एक आहे. लोकप्रियतेचे कारण सोपे आहे. दीडशे किलोमीटरच्या शर्यतीत रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला स्पर्धक एकदाच, तेही अर्ध्या मिनिटापुरते दिसतात. येथे ते दर दोन-तीन मिनिटांनी समोरून जातात.

शर्यत एक तर फेऱ्यांच्या संख्येवर ठरते किंवा 'चाळीस मिनिटे अधिक तीन फेऱ्या' अशा मिश्र पद्धतीने. मध्येच घंटा वाजवून पुढील फेरीत रेषा प्रथम ओलांडणाऱ्यास छोटे बक्षीस जाहीर करण्याची पद्धत आहे. या बक्षिसाला 'प्रीम' म्हणतात. टायर फुटल्यास किंवा पडल्यास अनेक ठिकाणी स्पर्धकाला एक फेरी थांबून पुन्हा गटात सामील होण्याची सवलत मिळते. एका फेरीने मागे पडलेल्यास मात्र पंच सहसा मार्गाबाहेर काढतात. ही शेवटची तरतूद कठोर वाटते, पण अरुंद मार्गावर ती आवश्यक आहे.

वाऱ्याचा हिशेब

सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सायकलसह ८० किलोग्रॅम वजनाचा स्पर्धक ताशी ४० किलोमीटर वेगाने एकटा चालला, तर कोकणातील उबदार हवेच्या घनतेस त्याला सुमारे ३०५ वॅट शक्ती द्यावी लागते. यांपैकी अडीचशे वॅटच्या आसपास केवळ हवेसाठी खर्च होतात. वेग ताशी ४२ किलोमीटर केला, म्हणजे अवघा ५ टक्क्यांनी वाढविला, तर हवेसाठीचा खर्च जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढतो.

दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिल्यास हवेचा रोध साधारणपणे ३० टक्क्यांनी कमी होतो असे धरले, तर तोच वेग सुमारे २३० वॅटमध्ये राखता येतो. चौघांनी आळीपाळीने पुढे येऊन वाटून घेतल्यास प्रत्येकाची सरासरी २५० वॅटपर्यंत खाली येते. मोठ्या, दाट घोळक्याच्या पोटात तर बचत याहून कितीतरी अधिक असते. बर्ट ब्लॉकेन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२१ सायकलपटूंच्या घोळक्याच्या आतील भागात हवेचा रोध एकट्या सायकलपटूच्या अवघ्या ५ ते १० टक्के आढळला. हौशी शर्यतीतील घोळका इतका मोठा, दाट आणि शिस्तबद्ध नसतो, म्हणून हा आकडा जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही दिशा तीच आहे.

यातून संघनीतीचा पाया मिळतो. ३०५ आणि २३० यांतील ७५ वॅटचा फरक एका तासभराच्या शर्यतीत जिंकणारा आणि दमून गळणारा यांतील फरक ठरू शकतो. पुढे राहणारा हे ७५ वॅट मागच्याला अक्षरशः देत असतो. त्याबदल्यात त्याला काय मिळते, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

वळण आणि भाता

केवळ वाऱ्याचाच विचार केला तर घोळक्याच्या शेवटी राहणे शहाणपणाचे वाटेल. नवख्या स्पर्धकाला असेच वाटते आणि येथेच तो फसतो. क्रायटेरियममधील दुसरा खर्च वळणांचा आहे.

पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जायचे तर सायकल सुमारे ४० अंश कलवावी लागेल. कोरड्या, स्वच्छ डांबरावरही हे घर्षणाच्या मर्यादेजवळचे आहे. म्हणून पहिला स्पर्धक वेग ताशी ३२ किलोमीटरपर्यंत उतरवितो, २८ अंश कलतो आणि बाहेर पडताच पुन्हा ४० वर येतो. या वेगवाढीसाठी त्याला सुमारे १,८०० ज्यूल ऊर्जा लागते. त्याच्या मागचा मात्र थोडा अधिक ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा आणखी थोडा. चाळीस स्पर्धकांची एकेरी रांग झाली तर ती किमान ऐंशी मीटर लांब असते. पहिला वळणातून बाहेर पडून पूर्ण वेगात आला तरी शेवटचा अजून वळणात शिरलेलाही नसतो. शेपटाचा वेग ताशी २४ किलोमीटरपर्यंत कोसळतो आणि पुढचे अंतर भरून काढण्यासाठी त्याला ४२ वर जावे लागते. त्याची ऊर्जा प्रत्येक वळणाला सुमारे ३,७०० ज्यूल खर्च होते, म्हणजे पहिल्याच्या दुपटीहून अधिक. बाजाच्या पेटीचा भाता जसा मिटतो आणि उघडतो तशी ही रांग प्रत्येक वळणावर आखडते आणि ताणते. टोलनाक्यावर वाहनांच्या रांगेत शेवटच्या गाडीला थांबत-धावत जावे लागते, त्यातला प्रकार हाच.

दीड किलोमीटरच्या चार वळणांच्या मार्गावर सत्तावीस फेऱ्या, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर, धरल्यास एकशे आठ वळणे होतात. सरळ रस्त्यावर शेपूट स्वस्त आणि वळणावर महाग. अग्रभागाचे नेमके उलट. दोन्ही खर्चांची बेरीज बहुधा पाचव्या ते पंधराव्या स्थानाच्या दरम्यान सर्वांत कमी भरते. अडचण एवढीच की घोळक्यातील प्रत्येक जाणत्याला हे ठाऊक असते. दहा जागांसाठी तीस जण झगडत असतात. स्थान मिळविणे हे एकदाचे काम नाही, ते दर फेरीला नव्याने करावे लागते. एकट्याला ते जड जाते आणि संघाची गरज येथून सुरू होते.

मार्ग, हवा आणि हंगाम

पाश्चात्त्य देशांत हौशी क्रायटेरियम शर्यती पुष्कळदा औद्योगिक वसाहतींत भरतात. रस्ते रुंद, काटकोनी, घरांपासून दूर आणि रविवारी सकाळी ओस. तारापूर औद्योगिक क्षेत्रातील काटकोनी रस्त्यांची आखणी पाहता अशा शर्यतीस ती सोयीची वाटेल. पण फरक लक्षात घ्यावा लागेल. येथील रासायनिक कारखान्यांत प्रक्रिया अखंड चालते, साप्ताहिक सुट्टी सर्वांची एका दिवशी नसते आणि टँकरची ये-जा कोणत्याही वारी थांबत नाही. जड वाहनांनी वळणावर डांबर दाबले जाऊन लाटा येतात, तेलाचे डाग राहतात. गतिरोधक हा तर आपल्याकडील प्रत्येक मार्गाचा स्थायी घटक आहे. अशा ठिकाणी शर्यत घ्यावयाची झाल्यास मार्गाची निवड ही संयोजकांची पहिली आणि सर्वांत गंभीर जबाबदारी ठरते. वळणावरील मूठभर वाळूसुद्धा दहा जणांना खाली आणू शकते.

हंगामाचा आरंभ कोकणात पावसाळ्यानंतर होतो. रस्ते वाळले तरी कडेला पावसाने वाहून आणलेली माती आणि खडी आठवडेच्या आठवडे राहते. स्पर्धकांची स्थितीही अशीच अर्धवट असते. पालघर–मनोर किंवा चिल्हार फाटा–बोईसर अशा रस्त्यांवर एकट्यादुकट्याने केलेल्या सरावातून दम येतो. पण खांद्याला खांदा लावून वळण घेण्याची सवय, समोरच्या चाकापासून वीतभर अंतर राखण्याचा धीर आणि वारंवार झटका मारण्याची क्षमता या गोष्टी घोळक्यातच येतात. त्या पावसाळ्यात गंजलेल्या असतात. परिणामी आरंभीच्या शर्यतीत अपघातांचा धोका अधिक, अंदाज चुकण्याची शक्यता अधिक आणि कोण किती तयारीत आहे याची माहिती सर्वांत कमी. कर्णधाराला प्रतिस्पर्ध्यांचेच नव्हे, स्वतःच्या साथीदारांचेही बळ नीट ठाऊक नसते. कारखान्यात पाळ्या करणारा एखादा सायकलपटू महिनाभर रात्रपाळीतच गेला असेल, तर ते त्याच्या पायांना शर्यतीतच कळते.

हवेचे गणित किनाऱ्याजवळ वेळेनुसार बदलते. हिवाळ्यातील पहाटे जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून, मंद वारा असतो. दिवस तापल्यावर तो उलटतो आणि पश्चिमेचा सागरी वारा जोर धरतो. सकाळी लवकर संपणारी शर्यत आणि अकरानंतर सुरू होणारी शर्यत त्याच मार्गावर वेगवेगळी खेळावी लागते. आयताकृती मार्गाची एक लांब बाजू समोरच्या वाऱ्याची, दुसरी पाठीच्या वाऱ्याची आणि दोन आखूड बाजू आडव्या वाऱ्याच्या होतात. समोरच्या वाऱ्यात आडोशाची किंमत वाढते, म्हणून तेथे हल्ला करणारा बहुधा वाया जातो. आडव्या वाऱ्यात आडोसा मागे नसून तिरका बाजूला असतो आणि रस्त्याची रुंदी संपली की मागच्यांना तो मिळत नाही; रांग फुटते ती अशा बाजूवर.

सहा जणांचा संघ

आता पाचशे गुणिले अडीचशे मीटरचा आयताकृती मार्ग, चार वळणे, सत्तावीस फेऱ्या, चाळीस-पन्नास स्पर्धक आणि सहा जणांचा एक हौशी संघ कल्पू या. शेवटच्या वळणापासून अंतिम रेषा दोनशे मीटरवर आहे.

हे दोनशे मीटर आधी तपासले पाहिजेत, कारण योजना शेवटापासून मागे आखली जाते. अंतिम झेपेत दोनशे मीटर कापण्यास सुमारे चौदा सेकंद लागतात. वळणातून दहाव्या क्रमांकावर बाहेर पडणारा पहिल्यापासून वीस मीटर तरी मागे असतो. ते भरून काढण्यास त्याला पहिल्यापेक्षा ताशी पाच किलोमीटर अधिक वेग हवा, आणि तोही पहिला पूर्ण जोरात असताना. व्यवहारतः हे अशक्यप्राय आहे. तेव्हा शर्यत रेषेवर नव्हे, शेवटच्या वळणाच्या तोंडाशी जिंकली जाते. आपला वेगवान गडी तेथे दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर पोहोचविणे हे संघाचे काम. त्यासाठी शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत साथीदार एकामागोमाग एक त्याच्या पुढे लागतात, वेग इतका चढा ठेवतात की बाजूने कोणी वर येऊ नये, आणि आपला वाटा संपला की बाजूला होतात. सायकलपटू याला 'लीड-आउट' म्हणतात. सहापैकी तिघे यासाठी राखून ठेवावे लागतात.

पण केवळ शेवटाची वाट पाहणारा संघ दुसऱ्यांच्या हाती सापडतो. मध्यंतरी तिघे-चौघे घोळक्यातून फुटून निघाले, म्हणजे 'ब्रेकअवे' झाला, तर काय? वळणांच्या मार्गावर फुटलेल्या छोट्या गटाचे दोन फायदे असतात. त्यांना भात्याचा त्रास नसतो. चौघे जण वळण आपल्या सोयीच्या रेषेने, कमी वेग घटवून घेतात. आणि ते लवकर दिसेनासे होतात. ताशी ४० किलोमीटर वेगाला वीस सेकंदांची आघाडी म्हणजे सुमारे २२० मीटर; आपल्या कल्पित मार्गाची आखूड बाजू जवळपास संपूर्ण. घोळका एका वळणातून बाहेर येतो तोवर आघाडीचे लोक पुढच्या वळणाआड गेलेले असतात. महामार्गावर एक किलोमीटर पुढचा स्पर्धक दिसत राहतो आणि पाठलागाची इच्छा जागी ठेवतो. न दिसणाऱ्याचा पाठलाग कोणी मनापासून करीत नाही.

म्हणून संघ आपला एक माणूस प्रत्येक धोकादायक फुटीत असेल अशी काळजी घेतो. तेथे तो असला की घोळक्यातील उरलेल्या पाचांना पाठलागातून सूट मिळते. ते पुढच्या फळीत बसून राहतात. समोरचा दमून बाजूला झाला की पुढे आलेला आपला माणूस वेग वाढवीत नाही, हळूच ढिला पडू देतो. ब्रेक दाबणे, वाट अडविणे, वाकडे जाणे हे नियमबाह्य व धोक्याचे आहे. पण वारा अंगावर घेण्याचे नाकारणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. या निष्क्रियतेत मोठे कौशल्य असते आणि प्रेक्षकाला ती मुळीच दिसत नाही.

फूट पकडली गेली, तर त्या क्षणी दुसऱ्याने निघावे. पाठलाग करणारे नुकतेच खर्ची पडलेले असतात, घोळका सुटकेचा श्वास टाकत असतो. एकामागोमाग एक असे दोन-तीन झटके देऊन प्रतिस्पर्धी संघाला सतत पाठलागास लावायचे, ही संख्याबळाची युक्ती आहे. एकटा स्पर्धक कितीही बलवान असला तरी प्रत्येक झटक्याला उत्तर देऊ शकत नाही. यासाठी हल्ला करणाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावे लागते: आपलाच माणूस पुढे असताना घोळक्याला मागून ओढून त्याच्यापर्यंत न्यायचे नाही. हौशी संघांत सर्वाधिक होणारी चूक हीच. उत्साही तरुण साथीदाराला जाताना पाहतो, त्याला मदत करण्यासाठी निघतो आणि मागे संपूर्ण घोळका घेऊन पोहोचतो.

प्रीमच्या घंटेचाही असाच मोह आहे. हंगामाच्या आरंभी ताजेतवाने वाटणारे पाय दोन-तीन प्रीमांवर उधळले जातात. जाणता कर्णधार घंटा दुसऱ्या उपयोगाला लावतो. प्रीमसाठी झेप घेणारे चौघे-पाच जण रेषा ओलांडताच श्वास सोडतात, वेग पडतो. त्याच क्षणी, बक्षिसाकडे न पाहता, पुढे सरकावे. अनेक यशस्वी फुटी अशा घंटेनंतरच्या वळणावर जन्मतात.

हौशी शर्यतीत सहसा कानात संदेशयंत्र नसते. कोपर हलविणे म्हणजे 'आता तू पुढे ये', मांडीवर थाप म्हणजे 'पाय संपले', एवढ्या खुणांवर काम भागते. त्यामुळे हंगामाच्या पहिल्या शर्यतीसाठी योजना जितकी सोपी तितकी बरी. पहिल्या आठ-दहा फेऱ्या सर्वांनी पुढच्या पंधरांत राहायचे, कोणाचे पाय कसे आहेत ते एकमेकांना सांगायचे आणि अंतिम झेपेसाठी कोणाला राखायचे ते चालत्या शर्यतीत ठरवायचे, एवढेच पुष्कळ आहे. घरी कागदावर ठरविलेला नायक पंधराव्या फेरीलाच शेपटाला लागला असेल तर त्याने ते मोकळेपणी सांगणे हे संघाच्या दृष्टीने कोणत्याही झटक्यापेक्षा मोलाचे असते. हे सांगणे अनेकांना जमत नाही.

नकाराचे गणित

फुटून निघालेल्या चौघांची परिस्थिती अर्थशास्त्र व राज्यशास्त्राच्या अध्यापकांना ओळखीची वाटेल. चौघांनी समान वाटा उचलला तर चौघेही घोळक्यापासून वाचतात. पण प्रत्येकाचा वैयक्तिक लाभ थोडे कमी ओढून शेवटासाठी ताजे राहण्यात आहे. सर्वांनी असाच विचार केला तर गट पकडला जातो आणि कोणालाच काही मिळत नाही. सहकार्य आणि विश्वासघात यांचा हा पेच येथे पुस्तकात नसून पायांत असतो, आणि दर तीस सेकंदांनी नव्याने सोडवावा लागतो. गटातील एखाद्याचा वेगवान साथीदार मागे घोळक्यात असेल, तर त्याला न ओढण्याचे सबळ कारण मिळते. इतर तिघे चिडतात, पण त्यांचाही नाइलाज असतो.

मागे घोळक्यात उलट पेच आहे. फूट पकडली जावी असे तीस जणांना वाटते, ओढायला मात्र कोणी तयार नसते. सामाईक विहिरीचा गाळ काढण्यासारखे हे काम आहे: पाणी सर्वांना हवे, उतरायचे कोणी? हौशी शर्यतीत एकेकटे आलेले स्पर्धक बरेच असल्याने हा प्रश्न अधिक तीव्र होतो. संघटित सहा जण चाळीस असंघटितांना भारी पडतात याचे कारण त्यांच्या पायांत अधिक बळ असते हे नव्हे. गाळ काढायला कोण उतरणार हे त्यांनी आधीच ठरविलेले असते.

व्यावसायिक संघांत हा निर्णय पगार करतो. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय बहुटप्पी शर्यतीत परदेशी संघांची अशी कामाची विभागणी पुणेकरांना घरच्या रस्त्यांवर पाहावयास मिळाली. तेथे वारा अंगावर घेणाऱ्याचा तो व्यवसायच असतो. हौशी संघात तो कशासाठी घ्यावा?

घरगडी आणि प्रमाणपत्र

संघनायकासाठी राबणाऱ्या सायकलपटूस फ्रेंचमध्ये 'डोमेस्टिक' म्हणतात, शब्दशः घरगडी. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांनी १९११ मध्ये मॉरिस ब्रोको या स्पर्धकासाठी हा शब्द हिणवून वापरला, कारण ब्रोकोने दुसऱ्या स्पर्धकाला मोबदल्यासाठी साह्य देऊ केले होते. देग्रांज यांच्या मते शर्यत ही एकेका माणसाची कसोटी होती. मदत हा अपराध होता. पुढे संघपद्धती रूढ झाली, शब्दातील तुच्छता झिजली आणि घरगडी हा सन्माननीय पेशा बनला. नोंदवहीने मात्र देग्रांज यांचीच बाजू घेतली आहे. निकालपत्रकात आजही एकेका माणसाचे नाव व क्रमांक असतो. शेवटच्या फेरीत पूर्ण वेगाने ओढून बाजूला झालेला साथीदार तिसाव्या क्रमांकावर रेंगाळत येतो, आणि पत्रक वाचणाऱ्याला तो दुर्बळ वाटतो.

क्लबच्या शर्यतीत यावर उपाय आहे. बक्षिसाची रक्कम सर्वांत वाटून घेण्याची चाल सायकलिंगमध्ये जुनी आहे. शिवाय यंदा तुझ्यासाठी, पुढच्या वेळी माझ्यासाठी, अशी आळीपाळी हंगामभर चालू शकते. पैसा वाटता येतो, पाळी बदलता येते. प्रमाणपत्र वाटता येत नाही. महाविद्यालयीन खेळाडूंच्या बाबतीत हा मुद्दा केवळ भावनेचा राहत नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्याची पात्रता विहित स्पर्धेतील क्रमांकाशी बांधलेली आहे. कबड्डी किंवा खो-खोच्या विजेत्या संघात पदक प्रत्येक खेळाडूच्या गळ्यात पडते, मग त्याने अंतिम सामन्यात एक गुण मिळविला असो वा नसो. सामूहिक आरंभाच्या सायकल शर्यतीत सहा जणांनी मिळून निर्माण केलेले पदक एकाच्या नावावर चढते आणि पाचांना सहभागाचे प्रमाणपत्र मिळते. असे असताना एकाच विद्यापीठाचे दोन स्पर्धक अंतिम फेरीत एकमेकांचाच पाठलाग करताना दिसले, तर त्यांना स्वार्थी ठरविणे अन्यायाचे होईल. ते दोघेही नियम नीट वाचून वागत असतात.

शारीरिक शिक्षण विभागांच्या अखत्यारीत यापैकी थोडे तरी आहे. संघाची निवड करतानाच कोणत्या शर्यतीत कोण कोणासाठी वारा घेणार हे उघडपणे ठरविता येते, आणि वर्षभरात ही भूमिका फिरती ठेवता येते. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडा अहवालात विजेत्याच्या नावापुढे त्याला शेवटच्या वळणापर्यंत नेणाऱ्यांची नावे छापण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. आरक्षणाच्या पात्रतेत त्याने फरक पडणार नसला तरी पुढच्या वर्षीच्या संघनिवडीत पडतो. याखेरीज रस्त्यावरील सायकलिंगमध्ये सांघिक वेळचाचणी हा प्रकार आहे. त्यात संघ एकत्र निघतो, सदस्य आळीपाळीने पुढे येतात, ठरावीक क्रमांकाच्या सदस्याची वेळ ही संघाची वेळ धरली जाते आणि पदक सर्वांना मिळते. क्रायटेरियमसाठी लागणारी आळीपाळीची शिस्त, चाकाला चाक लावून जाण्याचा सराव आणि दमल्याचे वेळेवर सांगण्याची सवय हे सारे याच प्रकाराच्या तयारीत सहज बसते. म्हणून पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत संघाने आधी सांघिक वेळचाचणीचा सराव करावा आणि त्याच सहा जणांना मग क्रायटेरियमच्या आरंभरेषेवर उभे करावे, हा क्रम मोजक्या साधनांत काम करणाऱ्या महाविद्यालयांना सोयीचा ठरतो. त्यासाठी लागतात तीन-चार किलोमीटरचा रहदारी नसलेला सपाट रस्ता, एक स्टॉपवॉच आणि वळणावर झाडू घेऊन उभा असलेला एक माणूस.